कोंबड्यांचा इजलास

देवगावची काळी कोंबडी एप्रिलमधल्या एका शुक्रवारी सकाळी डालग्याखाली बंद करण्यात आली. शेंद्र्याहून नवीन आलेल्या कोंबडीच्या पाठीवर चोची मारून रक्त काढल्याचा तिच्यावर आरोप होता. शिक्षा आठ दिवसांची होती. निकाल आमच्या घरमालकांनी अंगणातल्या स्टुलावर बसून उर्दूत सुनावला. त्या वेळी त्यांची पत्नी, उरलेल्या कोंबड्या आणि मी हजर होतो.

"मुलजिमा आठ दिन डालगे के नीचे रहेगी. दाना-पानी जारी रहेगा," असं ते म्हणाले आणि बांबूची ती मोठी टोपली त्यांनी स्वतःच्या हातानं कोंबडीवर पालथी घातली. कोंबडी आतून ओरडत राहिली.

"बघा," ते मला म्हणाले, "अजून पश्चात्ताप नाही."

खडकेश्वरच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं. रस्त्याकडची खोली माझ्याकडे भाड्यानं होती. मी एका स्थानिक दैनिकात नुकताच बातमीदार म्हणून लागलो होतो. घरमालक कोर्टातून निवृत्त झाले होते. निजामाच्या काळात ते नाझर म्हणून लागले आणि नाझर म्हणूनच घरी बसले. जप्तीचा माल ताब्यात घेणं, सांभाळणं आणि हुकूम आला की परत करणं, हे नाझराचं काम. गल्लीत सगळे त्यांना नाझरसाहेब म्हणत. त्यांच्या पत्नीला आम्ही काकू म्हणत असू. नाझरसाहेब मला कधी नावानं हाक मारत नसत. त्यांच्यासाठी मी अखबारनवीस होतो. काकू मला ‘पेपरवाले’ म्हणत.

घर ब्राह्मणाचं होतं आणि घरात अंडंसुद्धा शिजत नव्हतं. तरी अंगणात कोंबड्या होत्या. याचं कारण नाझरसाहेब कोणालाही सांगत, आणि प्रत्येक वेळी सारखंच सांगत. पैठणकडच्या दोन भावांचा वाटणीचा दावा चालू असताना कोंबड्यांवरून मारामारी झाली. हाकिमानं हुकूम दिला की फैसला होईपर्यंत कोंबड्या नाझराच्या ताब्यात राहतील. पुढे भावांचा समेट झाला. त्यांनी जमीन वाटली, विहिरीच्या पाळ्या वाटल्या, आंब्याची झाडं वाटली. कोंबड्या विसरले. परत करण्याचा हुकूम निघालाच नाही. मध्येच पोलीस ॲक्शन झाली, हाकिम बदलला, सरकार बदललं, कोंबड्या नाझरसाहेबांकडे राहिल्या.

"सरकारी अमानत आहे," ते म्हणत. "हुकूम येईपर्यंत हात लावता येत नाही."

"अहो, त्या अमानती मेल्या कधीच्या," काकू आतून म्हणत. "ही अमानतीची पणती आहे."

पणती म्हणजे ठिपक्यांची, सोनेरी मानेची कोंबडी. तिला ते पैठणी म्हणत. वंश पुढे चालू राहण्यात शेजारच्या घरच्या कोंबड्याचा वाटा होता. तो भिंतीवरून ये-जा करी. नाझरसाहेबांनी स्वतःचा कोंबडा पाळला नाही. "अंगणात हाकिम एकच हवा," असं ते म्हणत. शेजारच्या कोंबड्याला ते ‘बाहेरगावचे वकील’ म्हणत आणि त्याचा अधिक तपास करत नसत.

बाकीच्या कोंबड्या त्यांनी वेगवेगळ्या आठवडी बाजारांतून आणल्या होत्या. जी जिथली, ते तिचं नाव. देवगाववाली, शेंद्रेवाली, कन्नडवाली. कोर्टातही ते पक्षकारांना गावावरूनच ओळखत.

रोज सकाळी चहा झाला की ते काळी शेरवानी चढवून अंगणात येत. गळ्याशी बटण नव्हतं, तिथं काकूंनी टाकलेला हूक होता. कोर्टातल्या लोकांनी केव्हाच बुशकोट धरला होता. शेरवानी आता फक्त कोंबड्यांसमोर घातली जाई. पेरूच्या झाडाखाली स्टूल होतं. त्यावर ते बसले की इजलास भरला, म्हणजे कोर्ट सुरू झालं. मग ते मोठ्यानं पुकारा करत, "हाजिर हो!" कोंबड्या धावत येत. इतर लोक कोंबड्यांना ती-ती-ती करून बोलावतात हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या मते ती बेअदबी होती.

उर्दूचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. पोलीस ॲक्शननंतर कचेरीचा कारभार बदलला आणि कागद मराठीत लिहा असं वरून आलं. त्यांना घरातली मराठी येत होती, कचेरीतली येत नव्हती. जप्त करून आणलेल्या एका म्हशीविषयी त्यांनी साहेबांना पहिला मराठी कागद लिहिला. त्यात म्हटलं होतं, "म्हैस आणली. गुणाची आहे, पण लाथ मारते बाई." कागद शेरा मारून परत आला. त्यानंतर निवृत्तीपर्यंत त्यांचे कागद हाताखालचा कारकून लिहीत असे.

"तीस बरस ज्या जबानीत काम केलं, ती एका सकाळी बंद," ते म्हणाले. "आता कुठं बोलायची? म्हणून इथं बोलतो. यांना समजते."

"यांना ज्वारी समजते," काकू म्हणाल्या.

कोंबड्यांची भांडणं मिटवणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा खरा उद्योग होता. गल्लीत आणखीही घरांत कोंबड्या होत्या आणि लोक त्यांना विचारायला येत. त्यांचा पहिला नियम असा होता की मार खाणारीला बाहेर काढायचं नाही, मारणारीला काढायचं.

"कब्जा!" ते बोट वर करून सांगत. "सगळी भांडणं कब्जाची. मार खाल्लेल्याला दया म्हणून घराबाहेर नेलं, की घर मारणाऱ्याचं झालं. तो परत आला की उपरा. म्हणून मारणारीला कोंडायचं. पण डोळ्यांआड नाही. तिला दिसलं पाहिजे की आपल्यावाचून दुनिया चालू आहे. आठ दिवसांनी बाहेर आली, की तिची जागा गेलेली असते. मग ती अदबीनं वागते."

दुसरा नियम दाण्याचा होता. दाणे एका भांड्यात कधीच ठेवायचे नाहीत. दोन भांडी, अंगणाच्या दोन टोकांना. "जबरदस्त एका भांड्यावर उभा राहील. दोन्हीवर कसा राहील?" नवीन कोंबडी दिवसा कळपात सोडायची नाही. दिवस मावळल्यावर बाकीच्या दांडीवर बसल्या, की तिला गुपचूप शेजारी ठेवायचं. सकाळी सगळ्यांना वाटतं, ही कालही होती. दांडी एकाच उंचीची हवी, नाहीतर वरच्या जागेसाठी दंगा होतो. लपायला आडोसे हवेत. त्यासाठी अंगणात मोडकी खुर्ची, पत्र्याचा डबा आणि फुटका माठ ठेवला होता. रिकामटेकडेपणातून मारामाऱ्या होतात, म्हणून पेरूच्या फांदीला कोबीचा गड्डा टांगलेला असे. कोंबड्या उड्या मारून तो टोचत. रस्त्यानं जाणारे थांबून बघत.

एकदा त्यांनी मला विचारलं की ऑफिसात कसं चाललंय. मी सांगितलं की वृत्तसंपादक माझी बातमी न वाचता टेबलाखाली टाकतात.

"ऑफिसात भांडी किती?" त्यांनी विचारलं.

मला समजायला वेळ लागला. दुसऱ्या दिवसापासून मी बातमी रात्रपाळीच्या उपसंपादकाकडे देऊ लागलो. ती छापून येऊ लागली.

काकूंचा कोंबड्यांशी करार होता. आंघोळीनंतर स्वयंपाक आणि देवपूजा होईपर्यंत त्या सोवळ्यात असत. तेवढ्या वेळात कोंबडी पायाला घासून गेली, की पुन्हा आंघोळ. उन्हाळ्यात नळाला पाणी बेताचं येई आणि हौद खाली जाई, त्यामुळे दुसरी आंघोळ ही घरातली गंभीर घटना होती. हे त्यांनी सोसलं. अंडी स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडणार नाहीत, हेही ठरलेलं होतं. अंडी माझ्या खिडकीत ठेवली जात. ती मी ऑफिसात नेऊन चहाच्या किटलीत उकडत असे. काकूंची खरी अट एकच होती. तुळशीपुढे रक्त सांडता कामा नये. सांडलं तर एकही कोंबडी अंगणात राहणार नाही.

देवगाववालीला कोंडलं तो गुरुवारच्या रक्ताचा निकाल होता. तेव्हा काकूंनी पहिली वेळ म्हणून माफ केलं. देवगाववाली थोराड, काळी आणि तोंडाळ होती. शेंद्रेवाली किंचाळली तेव्हा तीच सर्वांत मोठ्यानं ओरडत होती. यावरून नाझरसाहेबांनी गुन्हा शाबीत धरला.

सोमवारी सकाळी तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर रक्ताचे ताजे थेंब होते. शेंद्रेवाली फुटक्या माठाच्या मागे बसली होती आणि तिच्या पाठीवरची पिसं आणखी गेली होती. देवगाववाली डालग्याखालीच होती.

"आता कोणी काढलं रक्त?" काकूंनी विचारलं. "डालग्यातून चोच बाहेर येते का तिची?"

"तपास चालू आहे."

"तपास कशाला? ती तुमची लाडकी. पैठणी. रांगोळी घालताना मी डोळ्यांनी पाहिलं. त्या पोरीला कोपऱ्यात दाबून टोचत होती."

नाझरसाहेबांनी विचार केला. "तेव्हा मी स्टुलावर होतो?"

"तुम्ही अंथरुणात होतात."

"म्हणजे इजलास भरला नव्हता. इजलासाबाहेरची गवाही ग्राह्य नाही."

"मी सोवळ्यात होते. सोवळ्यात खोटं बोलेन?"

"खोटं म्हणत नाही. ग्राह्य नाही म्हणतो."

काकूंनी रांगोळीचा डबा खाली ठेवला. "ठीक आहे. मग माझाही फैसला ऐका. रविवारी तो सायकलवाला मुर्गीवाला गल्लीत येतो. त्याला सांगते आत यायला. अमानत, पणती, सगळ्या जातील. हे मात्र मी इजलासातच सांगते. बसा हवं तर स्टुलावर."

ते स्टुलावर बसले. काकूंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

पैठणीबद्दल सांगायला हवं. ती एकटी नाझरसाहेबांच्या तळहातावरून दाणे खाई. बाकीच्यांना दोन भांडी होती, तिला हात होता. इजलास चालू असताना ती स्टुलाच्या उजव्या पायाशी उभी राही. कोर्टात हाकिमापुढे कागद ठेवणारा पेशकार जिथं बसतो, ती ही जागा. ते तिला पेशकारच म्हणत. ते बसलेले असताना अंगणात कोणीही कोणाला चोच मारत नसे. याचा अर्थ त्यांनी असा काढला होता की पेशकाराचा अंमल चांगला आहे.

मंगळवारपासून त्यांनी कसून तपास केला. दांडीची दोन्ही टोकं पुन्हा मोजून सारखी केली. कोबीचे दोन गड्डे टांगले. शेजारच्या मांजराची चौकशी केली. कावळ्यांवर संशय घेतला. कन्नडवालीला स्टुलासमोर धरून बराच वेळ तिच्याकडे पाहिलं आणि पुराव्याअभावी सोडून दिलं. मग मला बोलावलं.

"तुम्ही अखबारनवीस. पाहिलं तेच लिहिता. इजलासात हजर राहून निगराणी करा."

मी रोज खिडकीत चहा घेऊन बसलो. इजलास भरलेला असताना मला शेंद्रेवाली माठामागे, देवगाववाली डालग्याखाली आणि पैठणी स्टुलापाशी दिसली. चोच मारताना कोणी दिसलं नाही. मी तसं सांगितलं.

"दिसलं नाही, म्हणजे झालं नाही असं नाही," ते म्हणाले. "पण दिसलं नाही." आणि देवगाववालीची शिक्षा तपास पुरा होईपर्यंत कायम राहिली.

"फिरवा की तो फैसला," काकू म्हणाल्या.

"फैसला फिरवता येत नाही. अपील करावं लागतं."

"कुणाकडं?"

अपील ऐकायला वरचं कोर्ट लागतं आणि अंगणात ते नव्हतं.

शेंद्रेवालीच्या पाठीला ते हळद लावत. रक्ताचा लाल रंग दिसला की बाकीच्या कोंबड्याही टोचू लागतात, म्हणून जखम झाकायची, हाही त्यांचा नियम होता. शनिवारी दुपारी काकूंनी मला खोलीच्या दारातून हाक मारली.

"पेपरवाले, औषधाच्या दुकानातून ते जांभळं औषध आणता का? तोंड आलं की लावतात ते. मोठी बाटली आणा."

"मोठी कशाला?"

"लागेल."

मी आणली. संध्याकाळी कोंबड्या दांडीवर बसल्यावर काकूंनी बाटली नवऱ्याच्या हातात दिली. "हळदीचा रंग लाल झाकत नाही. हे लावा. चांगलं माखून लावा." नाझरसाहेबांनी काडीला कापूस गुंडाळून लावलं. काकू कंदील धरून लांब उभ्या होत्या आणि "अजून" म्हणत होत्या. शेंद्रेवालीची पाठ मानेपासून शेपटीपर्यंत जांभळी झाली. नाझरसाहेबांनी हात धुतले आणि पुसले. मी पाहिलं तेव्हा ते स्वच्छ होते.

रविवारी मुर्गीवाला सकाळीच आला. त्यानं सायकल दाराला टेकवली आणि कॅरिअरवरची जाळीची टोपली सोडू लागला. नाझरसाहेब शेरवानी घालून स्टुलावर बसलेलेच होते. दाढी केलेली होती. काकू तुळशीपाशी उभ्या होत्या. कट्ट्यावर रक्ताचा नवा थेंब होता. काकूंनी त्याकडे बोट दाखवलं.

"कित्ते हैं साब?" मुर्गीवाल्यानं विचारलं. "सब देनेके क्या?"

"ठैरो मियाँ. इजलास चालू आहे."

मुर्गीवाला माझ्याकडे वळला. "ये कोरट है के मुर्गीखाना?"

"दोन्ही," मी म्हणालो.

नाझरसाहेबांनी पुकारा केला. "हाजिर हो!" आवाज रोजच्यापेक्षा लहान होता. दोन भांड्यांत ज्वारी पडली. मग त्यांनी उजव्या हातात मूठभर कणी घेतली आणि हात खाली केला. पैठणी आली आणि शांतपणे, सवयीनं, सगळी कणी वेचून खाल्ली. खाऊन झाल्यावर तिनं रोजच्यासारखी चोच तळहातावर दोन्ही बाजूंनी पुसली.

नाझरसाहेब हाताकडे पाहत राहिले. त्यांनी मूठ मिटली. उघडली. हात शेरवानीला पुसला. शेरवानी काळी होती, तिच्यावर काही दिसलं नाही. हातावर मात्र दिसतच होतं.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही."

"मग दाखवा की."

त्यांनी मूठ पुन्हा मिटली. मुर्गीवाला टोपलीचं झाकण उघडून उभा होता. त्या क्षणी ते काही बोलले नसते, तर सगळ्या कोंबड्या गेल्या असत्या आणि पैठणी निर्दोष म्हणून गेली असती.

"अखबारनवीस," ते म्हणाले, "इकडं या. हे काय आहे?"

"जांभळं औषध."

"कुठं आहे?"

"तुमच्या तळहातावर."

"कुठून आलं?"

मी वाकून पाहिलं. पैठणीची चोच टोकापासून नाकपुड्यांपर्यंत जांभळी होती. "हिच्या चोचीवरून."

"तुम्ही स्वतः पाहिलं?"

"पाहिलं."

"इजलासात?"

"इजलासात."

"आता ग्राह्य आहे का?" काकूंनी विचारलं.

"ग्राह्य आहे," नाझरसाहेब म्हणाले.

ते उठले आणि त्यांनी डालगं उचललं. देवगाववालीला उद्देशून "बाइज्जत बरी", म्हणजे सन्मानानं निर्दोष सुटका, असं म्हणाले. ती जागची हलली नाही. बाहेरची जागा अजून आपली आहे की नाही, याचा तिला अंदाज येत नसावा.

"ती ओरडत होती, ती सांगत होती बिचारी," काकू म्हणाल्या. "गुरुवारीही तेच सांगत होती. तक्रार करणारीलाच कोंडलंत तुम्ही."

नाझरसाहेबांनी मान डोलावली. मग पैठणीला दोन्ही हातांनी उचललं. ती धडपडली नाही, तिला उचलून घ्यायची सवय होती. त्यांनी डालगं बाजूला सरकवून तिला त्याखाली ठेवलं आणि शिक्षा सुनावली. या वेळी मराठीत. "आठ दिवस. दाणा-पाणी चालू." नंतर ते स्टुलाकडे गेले, पण बसले नाहीत. काकूंच्या समोर जाऊन उभे राहिले.

"अपील आहे," ते म्हणाले.

"कुणाचं?"

"नाझराचं. मोहलत पाहिजे."

काकूंनी त्यांच्याकडे, मग शेंद्रेवालीकडे, मग थेंबाकडे पाहिलं. "आठ दिवस. एक थेंब दिसला, तर सगळ्या. पेशकारासकट."

"मंजूर."

"अम्मा, मेरा इतवार गया ना," मुर्गीवाला म्हणाला. काकूंनी त्याला चहा दिला. चहा पिताना तो देवगाववालीकडे बघत होता. "ये काली अच्छी है. ये तो बी दे दो." काकू नाही म्हणाल्या.

जांभळा रंग साबणानं जात नाही. नाझरसाहेब त्या आठवड्यात पेन्शनच्या कामाला गेले, तेव्हा उजवा हात खिशात ठेवून गेले. सहीच्या वेळी तो बाहेर काढावा लागला. जुन्या सहकाऱ्यानं विचारलं, "हे काय?" त्यांनी सांगितलं, "मुद्देमाल."

आठ दिवस रक्त दिसलं नाही. देवगाववाली दुसऱ्या दिवशी डालग्याच्या जुन्या जागेपासून हलली, तिसऱ्या दिवशी तिनं भांडं गाठलं आणि नंतर पूर्वीसारखी ओरडू लागली. पैठणी डालग्यातून सगळं पाहत होती. शिक्षा संपली त्या संध्याकाळी नाझरसाहेबांनी तिला दांडीच्या शेवटच्या टोकाला बसवलं. सकाळी ती स्टुलाच्या उजव्या पायाशी आली. तिथं कन्नडवाली उभी होती. पैठणी थोडा वेळ थांबली आणि माठाकडे गेली. कन्नडवालीला पेशकार म्हटलेलं मी ऐकलं नाही. तळहातावरून दाणे त्यानंतर कोणालाच मिळाले नाहीत. दोन भांड्यांची मात्र तीन झाली.

रविवारी मुर्गीवाला दाराशी येऊन घंटी वाजवून गेला. त्याला कोणी आत बोलावलं नाही.

शेंद्रेवालीच्या पाठीवर नवीन पिसं फुटली, तोवर मे संपत आला होता आणि हौदाचा तळ दिसत होता. एका सकाळी मी खोलीत दाढी करत होतो. इजलास अजून भरला नव्हता. काकूंची आंघोळ झालेली होती, पूजा व्हायची होती. फुटक्या माठापाशी शेंद्रेवाली कलकलाट करू लागली, तशा काकू रांगोळी टाकून तिकडे गेल्या आणि वाकल्या. तिचं ते पहिलं अंडं होतं. काकूंनी ते हातात घेऊन माझ्या खिडकीत ठेवलं.

"पेपरवाले, शेंद्रेवालीचं आहे," त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

न्हाणीघरातून पाण्याचा आवाज आला नाही. ऑफिसला निघेपर्यंत मी खोलीतच होतो.